स्वस्तातल्या व्हेपची बॅटरी किती टिकते? भाच्याला दिलेलं उत्तर, जरा सविस्तर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझा बॅटरी पॅक बनवायचा छोटा गाळा आहे. वजनकाटे, इमर्जन्सी लाइट, सीसीटीव्हीचा बॅकअप, मुरबाड-शहापूरकडच्या शेतकऱ्यांचे फवारणी पंप, जांभळी नाक्यावर भाजी विकणाऱ्यांचे चार्जिंगचे दिवे, या सगळ्यांसाठी लिथियम सेल निवडायचे, जुळवायचे, निकेलच्या पट्टीने स्पॉट वेल्डिंग करायचं आणि पॅक बांधून द्यायचा, हे माझं रोजचं काम. मी सिगरेट ओढत नाही, व्हेप म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगरेट, तीही ओढलेली नाही. तरीही हा लेख लिहितोय, कारण या वस्तूच्या पोटात जे असतं ते माझ्या टेबलावरून सतत जात असतं, आणि तिच्याबद्दल जे बोललं जातं त्यात बॅटरीचा विषय कुणी नीट काढत नाही.

निमित्त भाच्याचं. तो इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकतो. मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मामा, तुला राग येईल, पण विचारतो. माझं व्हेप दोन महिन्यांत मेलं. फुल चार्ज दाखवतं आणि चार झुरके घेतले की लुकलुकायला लागतं. स्वस्तातलं होतं म्हणून असं झालं का? ही किती टिकायला हवीत?" राग आलाच, तो मी बोलूनही दाखवला, आणि त्याच्या आईला हे ठाऊक आहे का तेही विचारलं. पण प्रश्न माझ्या धंद्यातला होता आणि पोरगं प्रामाणिकपणे विचारत होतं, म्हणून उत्तर दिलं. तेच इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडे ई-सिगरेटवर बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात, सगळं त्यात येतं. विक्री किंवा आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. त्यामुळे "कुठलं घेऊ" हे मला कुणी विचारू नये. मी सांगणार नाही.

आता सेलकडे येऊ. "किती टिकतं" या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, एका चार्जमध्ये किती झुरके? दोन, असे किती चार्ज तो सेल सोसतो? लोक पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावतात आणि फसतात.

पहिल्याचा हिशेब सोपा आहे, आठवीतलं पोरही करेल. इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं विकलं गेलेलं वापरा-फेका व्हेप घ्या, ज्याच्या पाकिटावर ६०० झुरके लिहिलेले असत. त्यात साधारण ५५० एमएएचचा (मिलिअँपिअर-अवर, सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) एकच सेल असतो, दंडगोल, १३ मिलिमीटर जाडीचा. लिथियम सेलचं सरासरी व्होल्टेज ३.७ धरलं तर ऊर्जा झाली जेमतेम २ वॉट-अवर, म्हणजे ७,३०० ज्यूलच्या आसपास. आतल्या लिक्विडची वाफ करणारी तापती तार, म्हणजे कॉइल, साधारण १.८ ओहमची असली तर ती दोन अँपिअर खेचते आणि साडेसात वॉटवर चालते. झुरका दोन सेकंदांचा असेल तर एका झुरक्याला पंधरा ज्यूल गेले. भागाकार केला की ४८५ च्या आसपास झुरके मिळतात. तीन सेकंद ओढलं की ३२०. पाकिटावरचे ६०० गाठायचे तर झुरका दीड सेकंदाचा हवा. माणूस खरोखर किती वेळ ओढतो हे स्वतःच घड्याळ लावून बघा, मग पाकिटावरचा आकडा मनातून उतरतो.

पुढे बाजारात मोठे आकडे आले. सहा हजार झुरके, दहा हजार झुरके, आणि खाली चार्जिंगसाठी टाइप-सीचं भोक. भाच्याने अशा एकाचा फोटो पाठवला होता. त्यावर १० मिली लिक्विड आणि ६,००० झुरके लिहिलेलं. म्हणजे झुरक्याला ०.००१७ मिली. जुन्या छोट्या व्हेपमध्ये २ मिलीत ६०० झुरके होते, म्हणजे झुरक्याला ०.००३३ मिली. झुरका सारखाच असेल तर या दोन आकड्यांतला एक तरी खोटा आहे. माझ्या मते दोन्ही फुगवलेले आहेत, दुसरा जास्त.

मला मात्र त्यात वेगळीच गोष्ट दिसली. अशा यंत्रातही सेल ५००-६५० एमएएचचाच असतो. जुन्या २ मिलीच्या व्हेपला साधारण एक चार्ज पुरायचा, त्या हिशेबाने १० मिली लिक्विड संपेपर्यंत सेल पाच-सहा वेळा चार्ज होतो. पाकिटावरचे ६,००० खरे मानून एका चार्जला चारशे झुरके धरले तरी फार तर पंधरा वेळा. मग यंत्र कचऱ्यात.

इथे दुसरा प्रश्न येतो आणि खरं दुखणं कळतं. साधा, नाव नसलेला लिथियम सेल मी माझ्या पॅकसाठी घेतो तेव्हा त्याच्याकडून तीनशे चार्जची अपेक्षा धरतो. बरा सेल पाचशे देतो. "देतो" म्हणजे त्यानंतर मरतो असं नाही, त्याची क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांवर येते. तेव्हा जो सेल तीनशे वेळा भरता आला असता तो पाच-सहा वेळा भरून फेकला जातो. आणि ज्या व्हेपला चार्जिंगचं भोकच नव्हतं, त्यातला सेल तर एकदाच वापरून गेला. कारखान्यात भरला, एकदा रिकामा केला, संपलं.

हा माझा एकट्याचा अंदाज नाही. २०२३ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी वापरा-फेका व्हेपमधले सेल काढून प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा भरले आणि रिकामे केले. "जूल" या नियतकालिकात ते छापून आलं. शेकडो वेळा भरूनही ते सेल चांगले चालत राहिले. मी ते वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, पण मोठ्या संस्थेने मोजून सांगितलं याचं समाधान वाटलं, कारण माझ्या टेबलावरचा मीटर तेच सांगत होता.

माझ्याकडे हे सेल येतात शीळफाट्याच्या एका भंगारवाल्याकडून. तो लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या आणतो, त्यातले चांगले १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) मी निवडून घेतो. एकदा पोत्याच्या तळाशी बोटाएवढे छोटे सेल निघाले. म्हणाला, "शेठ, ह्या बारक्या घेता का? सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात सापडतात हल्ली, रंगीत नळीतून निघतात." रंगीत नळी म्हणजे काय ते मला दुसऱ्या पोत्यात कळलं. बंदी असलेली वस्तू ठाण्याच्या सुक्या कचऱ्यात इतक्या सहज सापडते हे पाहून मी बराच वेळ गप्प होतो.

मीटर लावला. बहुतेक सेल ३.४ ते ३.६ व्होल्टवर होते, म्हणजे अजून जीव होता. आधी लिक्विड संपलं होतं किंवा ते शोषणारा कापूस जळून चव गेली होती, आणि नळी फेकली गेली होती. कपॅसिटी टेस्टरवर लावले तर छापलेल्या आकड्याच्या फार खाली कुणी नव्हता. काही मात्र दोन व्होल्टच्याही खाली गेले होते. ते मी बाजूला ठेवले, भरून बघितले नाहीत. लिथियम सेल फार खोल रिकामा झाला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं, आणि नंतर चार्ज केलं की ते भलत्याच जागी जमतं. आत शॉर्ट व्हायला तेवढं पुरतं. असा सेल वरून अगदी ठणठणीत दिसतो.

मग एकदाच वापरायच्या वस्तूत पुन्हा भरता येणारा सेल घालतात तरी का? गाळ्यातल्या पोरांनी मला हे विचारलं. कारण साधं आहे. तार तापवायला दोन अँपिअर लागतात, तेही बोटाएवढ्या नळीतून. रिमोटमधला साधा सेल दोन अँपिअर मागितल्यावर मान टाकतो, त्याचा आतला रोध, म्हणजे वीज वाहताना होणारा अडथळा, जास्त असतो. लिथियम-आयन सेल तो भार उचलतो. चीनमधल्या शेनझेनच्या आसपास हे सेल इतक्या प्रचंड प्रमाणात बनतात की ते स्वस्त पडतात. म्हणून वापरा-फेका वस्तूत टिकाऊ वस्तू घातली गेली. प्रत्येक सेलमध्ये साधारण ०.१५ ग्रॅम लिथियम असतं. ऐकायला काहीच नाही. पण मटेरियल फोकस या ब्रिटिश संस्थेने २०२३ मध्ये अंदाज दिला होता की तिथे आठवड्याला जवळपास पन्नास लाख वापरा-फेका व्हेप टाकले जातात. आता गुणाकार करा.

ब्रिटनने १ जून २०२५ पासून वापरा-फेका व्हेपची विक्री बंद केली. आता तिथे विकायचं तर बॅटरी चार्ज होणारी हवी आणि लिक्विड पुन्हा भरता यायला हवं. भाच्याकडे जे आहे ते या नव्या नियमातलं, स्वस्त, आत बंद बॅटरी असलेलं यंत्र. तेव्हा त्याच्या मूळ प्रश्नाकडे वळतो.

हिशेब पुन्हा तोच. सेल १,००० एमएएचचा, म्हणजे १३,३०० ज्यूल. कॉइल १५ वॉटवर चालते, झुरका तीन सेकंदांचा, म्हणजे झुरक्याला ४५ ज्यूल. कागदावर २९६ झुरके, वाटेतली गळती धरून अडीचशे. दिवसाला अडीचशे झुरके ओढणारा माणूस रोज एकदा चार्ज करणार. तीनशे ते पाचशे चार्ज म्हणजे दहा महिने ते सव्वा-दीड वर्ष. त्याच माणसाने ५०० एमएएचचं छोटं यंत्र घेतलं तर दिवसातून दोनदा चार्ज, म्हणजे तशाच दर्जाचा सेल पाच ते आठ महिन्यांत थकणार. बॅटरी मोठी असण्याचा फायदा एका दिवसापुरता नाही, सगळं आयुष्य त्याने लांबतं. मोबाइललाही हेच लागू आहे, फक्त मोबाइलमध्ये ते इतक्या लवकर जाणवत नाही.

मग भाच्याचं दोन महिन्यांत का मेलं? इथे बॅटरीचं एक वागणं समजून घ्यावं लागतं, आणि माझ्या मते या सगळ्यात तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. सेलच्या आत रोध असतो. नव्या चांगल्या छोट्या सेलचा रोध पन्नास मिलिओहमच्या आसपास धरा. दोन अँपिअर खेचले की व्होल्टेज ०.१ ने खाली येतं, कुणाला कळतही नाही. सेल उष्णतेत राहिला, फार खोल रिकामा होत राहिला किंवा मुळातच वाईट असला की रोध वाढतो. तो पाचशे मिलिओहम झाला की तेच दोन अँपिअर खेचताना व्होल्टेज पूर्ण एकने पडतं. आता भरलेला सेल निवांत असताना ४.२ व्होल्ट दाखवतोय, पण झुरका घेतला की ३.२ वर घसरतो. आतल्या चिपला वाटतं बॅटरी संपली. ती दिवा लुकलुकवते आणि बंद करते. झुरका सोडला की व्होल्टेज परत वर. म्हणून फुल चार्ज दाखवतं आणि चार झुरक्यांत मरतं. क्षमता अजून असते, ताकद गेलेली असते. माझ्याकडे फवारणी पंपवाले हीच तक्रार घेऊन येतात: "दादा, चार्जरचा हिरवा लागतो आणि मोटर सुरू केली की बसतो." आजार एकच.

आणि हा भार किती मोठा असतो ते पाहा. तुमच्या फोनची बॅटरी ५,००० एमएएचची, त्यातून व्हिडिओ बघतानासुद्धा फार तर एक अँपिअर जातो, म्हणजे क्षमतेच्या पाचव्या भागाइतका. छोट्या व्हेपच्या ५५० एमएएचच्या सेलमधून दोन अँपिअर जातात, क्षमतेच्या साडेतीन पटींपेक्षा जास्त. फोनची बॅटरी रस्त्याने चालते, हा सेल सतत जिने धावत चढतो.

मी भाच्याला विचारलं, "चार्जिंगला कुठे लावतोस?" म्हणाला, खिडकीपाशी, हीटरवर ठेवून. खाली हीटर, बाहेर बर्फ. बाहेरून आलं की गारठलेलं यंत्र तसंच चार्जिंगला. दोन्ही वाईट. शून्य अंशाच्या खाली गेलेला लिथियम सेल चार्ज केला तर लिथियम आत जायच्या ऐवजी पृष्ठभागावर धातूच्या रूपात जमतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. आणि उष्णता तर बॅटरीचा जन्माचा वैरी. ढोबळ नियम असा की दहा अंश तापमान वाढलं की आतल्या नासाडीचा वेग दुप्पट होतो. लेस्टरचा हीटर आणि एप्रिल-मेमध्ये घोडबंदर रोडला उन्हात लावलेली गाडी, दोन्ही सेलला सारखीच मारतात. गाडीत पॉवर बँक ठेवणाऱ्यांनीही हे वाचावं.

एक गैरसमज मोडायला हवा. "मोबाइलच्या फास्ट चार्जरने जळलं" असं लोक म्हणतात. नीट बनवलेला फास्ट चार्जर समोरच्या वस्तूने मागितल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाही. स्वस्त व्हेप तसं मागतच नाही, त्यात ती चिप नसते. त्यामुळे दोष बहुधा चार्जरचा नसतो. उलट तक्रार जास्त येते ती "टाइप-सी टू टाइप-सी केबलने चार्जच होत नाही" अशी. त्याचं कारण यंत्राच्या टाइप-सी सॉकेटवर ५.१ किलोओहमचे दोन बारीक रेझिस्टर लागतात, ते स्वस्तातल्या कारखान्याने पैसे वाचवायला बसवलेले नसतात. चार्जरला कळतच नाही की पलीकडे कुणी आहे. जुन्या रुंद यूएसबीची केबल लावली की चार्जिंग सुरू. बॅटरी मेली म्हणून फेकलेली किती यंत्रं निव्वळ या दोन रेझिस्टरपायी फेकली जात असतील, विचार केला तर जीव तुटतो. हे व्हेपपुरतं नाही. स्वस्त टॉर्च, ट्रिमर, छोटे पंखे, सगळ्यांत हाच प्रकार आहे, आणि माझ्या गाळ्यात "मेला" म्हणून आलेले कितीतरी ट्रिमर केबल बदलल्यावर उठलेत.

बाकी भाग भराभर सांगतो. कॉइल आणि कापूस सर्वांत आधी जातात, एक-दोन आठवड्यांत. ते बदलायचेच असतात. झुरका ओळखणारा सेन्सर छोट्या गोल माइकसारखा दिसतो, त्यावर लिक्विड झिरपलं की यंत्र चालूच होत नाही किंवा आपोआप चालू राहतं. दुसरा प्रकार धोक्याचा आहे, तसं झालं की वापर तिथेच थांबवायचा. चार्जिंगचं सॉकेट ढिलं होतं, ते सोल्डर करता येतं, पण एवढ्या स्वस्त वस्तूचं सोल्डर कोण करून देणार? सेल या सगळ्यांच्या मागून जातो. आत बंद बॅटरी असलेल्या यंत्रांबद्दल माझं मत म्हणूनच वाईट आहे. कुठलाही पुढचा भाग गेला तरी मागचा चांगला सेल त्याच्याबरोबर जातो. सेल बदलता आला असता तर यंत्राचं आयुष्य सेलवर अडकलं नसतं आणि सेलचं यंत्रावर.

भाच्याचं म्हणणं शेवटी असं पडलं की मग चांगल्यातलं महागडं घेतो. मी म्हटलं, "अरे, बॅटरी दीड वर्ष चालली म्हणजे तू दीड वर्ष ओढत राहिलास. त्या २ मिलीच्या नळीत २० मिलिग्रॅम प्रति मिलीने ४० मिलिग्रॅम निकोटिन असतं, त्याचा हिशेब मी नाही करू शकत, तू कर." तो गप्प बसला. पुढचं त्याचं त्याने ठरवायचं. मामा म्हणून सांगायचं ते सांगून झालं.

आता ठाण्याबद्दल, कारण मला खरी काळजी इथली आहे.

आपल्याकडे बॅटरीच्या कचऱ्याचे नियम चांगले आहेत. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स २०२२ मध्ये आले, ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. दोन्हींचा गाभा एकच: जो वस्तू बाजारात आणतो त्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची आणि ती वस्तू मेल्यावर गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारीही त्याचीच. मी पॅक विकतो, मलाही यातलं बरंच पाळावं लागतं, आणि मला ते पटतं. पण ज्या वस्तूवर बंदी आहे तिचा नोंदणीकृत उत्पादक असणारच नाही. तिची विक्री चोरून होते, बिल नाही, दुकान नाही, परत घेणारा नाही. म्हणजे कायद्याने जी वस्तू देशात नाही, तिच्या पोटातल्या सेलला कायद्याने कुणी बापही नाही. बंदी चुकीची आहे असं मी म्हणत नाही, पोरांच्या हातात निकोटिन जाऊ नये हे मलाही वाटतं. पण बंदीने नळी यायची थांबलेली नाही आणि आलेली नळी जाणार कुठे, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. ज्याच्याकडे ती आहे तो घाबरून सुक्या कचऱ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून टाकतो, कुणाला दिसू नये म्हणून खाली दाबून.

आणि ती पिशवी उघडते कोण? कचरा वेगळा करणाऱ्या बायका. आमच्या गल्लीत काम करणाऱ्या मावशींनी मला एकदा अशी नळी दाखवली. "दादा, ह्यात तांबं असतं का?" त्या दगडाने ठेचणार होत्या. मी हातातून घेतली. भरलेला सेल ठेचला की आतले थर एकमेकांना भिडतात, क्षणात तापतो, ज्वाला मारतो, आणि तो धूर विषारी असतो. शिवाय नळीत राहिलेलं लिक्विड हाताला लागलं तर निकोटिन कातडीतून अंगात जातं. हातमोजे नसलेल्या हातांना. कचरागाडीत दाब बसतो तेव्हाही हेच होऊ शकतं. दिवा गावातल्या डंपिंग ग्राउंडचा धूर ज्यांनी वर्षानुवर्षं खाल्ला त्या ठाणेकरांना कचऱ्याला लागलेली आग म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही.

मला अनेकजण विचारतात, सेल चांगले आहेत तर तू पॅकमध्ये का वापरत नाहीस? मी वापरत नाही. लॅपटॉपच्या सेलवर मॉडेल छापलेलं असतं, त्याची माहिती मिळते, चार्ज-डिस्चार्जच्या मर्यादा कळतात. या बारक्या सेलवर बहुधा कागदी वेष्टण आणि एक आकडा, बाकी काही नाही. कुणी उन्हात ठेवला, कुणी पाडला, किती खोल रिकामा झाला, काही माहीत नाही. माझा पॅक रात्री कुणाच्या तरी घरात चार्जिंगला असतो, आजूबाजूला लहान मुलं झोपलेली असतात. तिथे मी अंदाजावर सेल टाकू शकत नाही. इंटरनेटवर अशा सेलची पॉवर बँक बनवायचे व्हिडिओ खूप आहेत. ज्याच्याकडे मीटर नाही, टेस्टर नाही, सेलमधला फरक ओळखायची सवय नाही, त्याने ते करू नये, आणि नळी पक्कडीने फोडू तर अजिबात नये. सोल्डरिंगची गरम टोकं थेट सेलवर टेकवून लोक व्हिडिओत तार जोडतात ते बघून माझ्या अंगावर काटा येतो.

मग करायचं काय? भंगारवाल्याला मी सांगून ठेवलंय की बारके सेल लॅपटॉपच्या पोत्यात मिसळू नकोस, वेगळे आण. ते आले की मी प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावतो, फुगलेले आणि दबलेले कोरड्या वाळूच्या डब्यात, बाकीचे पत्र्याच्या डब्यात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतले अधिकृत ई-कचरा पुनर्वापरवाले असतात, माझ्या गाळ्यातून निघणारे खराब सेल त्यांच्यातल्याच एकाकडे जातात. त्यांच्या गाडीत हा डबाही जातो. ते सेलला सेल म्हणून घेतात, कुठल्या नळीतून निघाला विचारत नाहीत.

हेच सोसायटीत करता येईल, आणि मी आमच्या सोसायटीच्या कमिटीपुढे हे मांडलंय. गेटजवळ वॉचमनच्या केबिनबाहेर, उन्हापावसापासून आडोशाला, झाकणाचा एक पत्र्याचा डबा. त्यात रिमोटचे सेल, फुगलेल्या पॉवर बँका, मुलांच्या खेळण्यातल्या बॅटऱ्या, जुने इअरबड, आणि कुणाकडे रंगीत नळी असेल तर तीही, न फोडता, टोकाला टेप लावून. कुणी टाकली हे विचारायचं नाही. कॅमेरा त्या डब्याकडे वळवायचा नाही. कमिटीतल्या एका काकांनी आक्षेप घेतला की याने व्हेप ओढणाऱ्यांना आपण मोकळीक देतोय असं दिसेल. मी त्यांना म्हटलं, "काका, ओढणारा ओढून मोकळा झालाय. आपण मावशींच्या हातांचा विचार करतोय." चर्चा पुढच्या मीटिंगवर गेली आहे. तोवर डबा मी माझ्या गाळ्याबाहेर ठेवलाय. वागळे इस्टेट परिसरातले कुणी वाचत असाल तर कामाच्या वेळेत आणून टाका, फक्त ओला सेल किंवा गरम लागणारा सेल खिशातून आणू नका. तसा असेल तर आधी मोकळ्या जागी, वाळूत किंवा मातीच्या कुंडीत ठेवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग मला फोन करा.